रात्रीच्या निरीक्षणासाठी खिशातली बॅटरी कशी निवडावी?





आपल्या शाळेत निसर्ग निरीक्षणाची आवड वाढते आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. त्याबरोबर एक प्रश्नही वारंवार कानावर येतो. आठवी-नववीची मुले विचारतात, "सर, रात्री नदीतली मगर बघायला कोणती बॅटरी घ्यावी?" पालक विचारतात, "मुलगा दोन हजारांची बॅटरी मागतो आहे, खरंच गरज आहे का?" दोन्ही प्रश्न योग्य आहेत आणि त्यांची उत्तरे विज्ञानाच्या व गणिताच्या पुस्तकातच आहेत. म्हणून या अंकात हा छोटासा पाठ.

आधी शब्दांचा खुलासा. माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, तिथे आम्ही 'टॉर्च' म्हणत असू. जुन्या मराठी पुस्तकांत 'विजेरी' हा सुंदर शब्द आहे. बडोद्याच्या आपल्या घरांतून मात्र सर्रास 'बॅटरी' म्हणतात, आणि तिच्या आत घालतो ते 'सेल'. या लेखात मी घरचेच शब्द वापरतो.

हा विषय आपल्या गावाचा का?

पावागडच्या डोंगरात उगम पावणारी विश्वामित्री आपल्या शहराच्या मधून वाहते. १८७९ साली महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी उभारलेल्या कमाटीबागेतून ती जाते, काळा घोड्याजवळच्या पुलाखालून जाते. या नदीत मगरी राहतात. एवढ्या मोठ्या वस्तीच्या शहरात, रोजच्या रहदारीच्या पुलाखाली, मोकळ्या नदीत मगरी असणे ही जगात फार विरळ गोष्ट आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये नदीच्या सुधारणेचे काम सुरू होण्यापूर्वी गुजरातच्या 'गीर फाउंडेशन' या संस्थेच्या पुढाकाराने मगरींची गणना झाली. तीत चारशेहून अधिक मगरी मोजल्या गेल्या.

ऑगस्ट २०२४ चा पूर आपल्यापैकी कोणीही विसरलेले नाही. पाणी सोसायट्यांत शिरले, वीज गेली आणि पाण्याबरोबर मगरीही वस्तीत आल्या. वनविभागाने आणि स्वयंसेवकांनी त्या पकडून पुन्हा सुरक्षित जागी सोडल्या. अशा रात्री जिन्यावरून खाली पाण्यात पाय टाकण्यापूर्वी आवारात एकदा झोत फिरवता येणे किती महत्त्वाचे आहे, हे वेगळे सांगायला नको. म्हणजे चांगली बॅटरी ही आपल्या शहरात केवळ हौसेची वस्तू नाही, ती सुरक्षिततेचे साधन आहे.

डोळे का चमकतात?

रात्री मांजर, कुत्रा किंवा गाय यांच्यावर प्रकाश पडला की त्यांचे डोळे चमकतात, हे सर्वांनी पाहिले आहे. या प्राण्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या मागे आरशासारखा एक थर असतो. त्याला 'टॅपेटम ल्युसिडम' म्हणतात. डोळ्यात शिरलेला जो प्रकाश दृष्टिपटलात शोषला जात नाही, तो हा थर परत फिरवतो. त्यामुळे त्या प्राण्याला अंधुक प्रकाशाचा दोनदा उपयोग करून घेता येतो. उरलेला प्रकाश बाहेर येतो आणि आपल्याला चमक दिसते. माणसाच्या आणि माकडाच्या डोळ्यांत हा थर नसतो.

मगरीच्या डोळ्यांत तो असतो. तिच्या डोळ्यांची चमक लालसर-नारिंगी, विझत आलेल्या निखाऱ्यासारखी दिसते. मगर पाण्यात असते तेव्हा तिचे डोळे, नाकपुड्या आणि डोक्याचा थोडासाच भाग वर असतो. दिवसा अशी मगर ओंडक्यासारखी वाटून नजरेतून सुटते. रात्री तिचे डोळे दूरवरूनही ओळखता येतात. म्हणूनच मगरींची गणना दिवसाबरोबर रात्रीही करतात. आपल्या शेजारच्या आणंद-खेडा भागात, म्हणजे चरोतरमध्ये, गावच्या तलावांतून मगरी राहतात. तिथेही 'व्हॉलंटरी नेचर कॉन्झर्व्हन्सी' ही संस्था स्वयंसेवकांना घेऊन अशी गणना करते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवा. हा परत येणारा प्रकाश ज्या दिशेने गेला जवळजवळ त्याच दिशेने माघारी येतो. म्हणून बॅटरी कमरेजवळ धरली तर चमक आपल्या डोळ्यांपर्यंत पोचत नाही. बॅटरी कानशिलाजवळ, डोळ्यांच्या रेषेत धरावी किंवा डोक्याला बांधायची बॅटरी वापरावी. महागडी बॅटरी कमरेपाशी धरणाऱ्यापेक्षा साधी बॅटरी कानशिलापाशी धरणाऱ्याला जास्त दिसते.

लुमेन आणि कँडेला

दुकानात खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'लुमेन' लिहिलेले असते. लुमेन म्हणजे बॅटरीतून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. पण नदीच्या पलीकडे पाहायचे तर एकूण प्रकाश किती यापेक्षा तो एका दिशेला किती एकवटला आहे हे महत्त्वाचे. ते 'कँडेला' या एककात मोजतात. एक बादली पाणी अंगणात ओतले तर सडा होतो. तेच पाणी नळीचे तोंड दाबून सोडले तर कुंपणापलीकडे जाते. पाणी तेवढेच, पोच वेगळी. लुमेन म्हणजे पाणी आणि कँडेला म्हणजे धार, असे समजा.

आता गणित. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई उरतो. एखाद्या जागी पडणारा प्रकाश 'लक्स'मध्ये मोजतात आणि त्याचे सूत्र असे:

लक्स = कँडेला ÷ (मीटरमधील अंतर × अंतर)

बॅटऱ्यांच्या मोजमापासाठी २००९ मध्ये अमेरिकेत एक मानक ठरले, ते आज अनेक कंपन्या पाळतात. त्यानुसार झोताची 'पोच' म्हणजे जिथे प्रकाश पाव लक्स, म्हणजे ०.२५ लक्स, उरतो ते अंतर. पाव लक्सच का? कारण निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड साधारण तेवढा असतो. वरच्या सूत्रात ०.२५ घातले की उत्तर सोपे येते: कँडेलाचे वर्गमूळ काढा आणि त्याची दुप्पट करा, झाली पोच मीटरमध्ये.

२,५०० कँडेला: वर्गमूळ ५०, पोच १०० मीटर.
१०,००० कँडेला: वर्गमूळ १००, पोच २०० मीटर.
४०,००० कँडेला: वर्गमूळ २००, पोच ४०० मीटर.

पाहा, पोच दुप्पट करायला चौपट कँडेला लागतात. म्हणून 'चौपट ताकदीची' बॅटरी चौपट लांब दाखवील, असे समजू नये. शिवाय खोक्यावरच्या पोचीच्या टोकाला केवळ चांदण्याएवढाच उजेड असतो. प्राणी नीट ओळखायचा असेल तर त्या अंतराच्या निम्मेच कामाचे धरावे. निम्म्या अंतरावर एक लक्स मिळतो.

आपल्याला किती लागेल? पुलाच्या कठड्यापासून पाण्याच्या कडेपर्यंत ४० मीटर अंतर आहे असे धरू. २,५०० कँडेलाची बॅटरी तिथे २,५०० ÷ १,६०० म्हणजे सुमारे दीड लक्स देते. हा उजेड पौर्णिमेच्या सहापट झाला. डोळ्यांची चमक पाहायला तो पुरेसा आहे. म्हणजे शहरातल्या निरीक्षणासाठी १०० ते २०० मीटर पोचीची, मुठीत मावणारी बॅटरी पुष्कळ झाली. पालकांच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

खोटे दावे कसे ओळखाल?

बाजारात '१०,००० लुमेन, १० तास' अशा चिठ्ठ्या लावलेल्या स्वस्त बॅटऱ्या मिळतात. हा दावा तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. जाडसर लिथियम सेल, ज्याला दुकानदार '१८६५०' म्हणतात (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब), त्यात साधारण ३.६ व्होल्ट × २.५ अँपिअर-तास, म्हणजे ९ वॅट-तास ऊर्जा असते. एलईडी बॅटरी एका वॅटला साधारण १०० लुमेन देते असे धरा. ९ × १०० = ९००. म्हणजे तो सेल ९०० लुमेन एक तास किंवा ९० लुमेन दहा तास देऊ शकतो. १०,००० लुमेन दहा तास म्हणजे १,००,००० झाले. ते आणायचे कुठून?

'चालण्याचा कालावधी' हाही काळजीपूर्वक वाचावा. वर सांगितलेल्या मानकाप्रमाणे प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ त्यात धरतात. खोक्यावर आठ तास लिहिले म्हणजे आठही तास पूर्ण उजेड, असा त्याचा अर्थ नाही.

बॅटरी घेताना पाहावयाच्या गोष्टी

१) आकार व वजन. खिशात राहील तीच बॅटरी वेळेला हाताशी असते. तळहाताएवढी लांबी पुरे.

२) प्रकाशाच्या पायऱ्या. निदान तीन असाव्यात आणि सर्वात खालची अगदी मंद असावी. वही वाचायला आणि वाट चालायला मंदच प्रकाश लागतो. आपल्या डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एका प्रखर झोताने ती क्षणात जाते. बटण दाबताच मंद प्रकाशापासून सुरू होणारी बॅटरी उत्तम. प्रत्येक वेळी मध्येच लुकलुकणारा प्रकाश येत असेल तर ती घेऊ नये, त्याने प्राणी बिचकतात.

३) प्रकाशाचा रंग. निळसर पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळसर पांढरा बरा. थंडीत नदीवर धुके असते, त्यात निळसर झोत आपल्याच डोळ्यांवर उजळून येतो. पिवळसर उजेडात साल, पाने आणि अंगावरचे खवले यांचे रंगही खरे दिसतात.

४) लाल प्रकाश. असल्यास चांगले. त्याने आपली अंधाराची सवय फारशी मोडत नाही आणि किडेही कमी येतात. परंतु त्याची पोच कमी असते, दूरचे पाहायला त्याचा उपयोग नाही.

५) सेल. लहान मुलांसाठी पेन्सिल सेलवर चालणारी बॅटरी घ्यावी. पुन्हा चार्ज होणारे पेन्सिल सेल चांगले. नवे-जुने सेल एकत्र घालू नयेत. लिथियम सेल ताकदवान असतो, पण सुटा सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर ठेवल्यास शॉर्ट होऊन पेट घेऊ शकतो. तो मोठ्यांनीच हाताळावा आणि रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये.

६) पाण्यापासून संरक्षण. 'आयपीएक्स ४' म्हणजे शिंतोडे सहन होतील. 'आयपीएक्स ७' म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास पडली तरी चालेल. बडोद्याचा पावसाळा पाहता दुसरी घ्यावी.

उजेड कुठे टाकू नये?

विकत घेणे सोपे, वापरणे शिकावे लागते. ज्या प्राण्याचा डोळा अंधुक चांदण्यासाठी घडला आहे, त्याच्यावर आपला झोत किती जड होत असेल याचा विचार करा. चमक दिसली की दोन-तीन सेकंदांत झोत बाजूला घ्यावा किंवा मंद करावा. घरट्यावर, पिलांवर आणि झोपलेल्या पक्ष्यांवर उजेड टाकू नये.

महाराष्ट्रात कोकणच्या किनाऱ्यावर, रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे, ऑलिव्ह रिडले कासवांची पिले समुद्रात जाताना पाहायला लोक येतात. वाळूतून बाहेर आलेले पिलू उजळ क्षितिजाकडे धावते, कारण निसर्गात रात्री समुद्राची बाजू उजळ असते. मागून कोणी बॅटरी लावली तर ते उलट्या दिशेने जाऊ शकते. राजमाची, भंडारदरा या भागांत मे-जूनमध्ये काजवे चमकतात. तो त्यांचा एकमेकांना दिलेला संदेश असतो आणि आपल्या झोतात तो बुडून जातो. ताडोबा, मेळघाट येथे बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजण्याची परंपरा आहे. तिथे उजेड चंद्राचाच. बॅटरी जवळ असूनही न लावणे, हेही निरीक्षणाचेच शिक्षण आहे.

कायदाही लक्षात ठेवावा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार मगर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे तिला सर्वात जास्त संरक्षण आहे. तिला पकडणे, डिवचणे, दगड मारणे गुन्हा आहे. जांबुघोडा, रतनमहाल या आपल्या जवळच्या अभयारण्यांत वनविभागाच्या परवानगीशिवाय रात्री जाऊन झोत फिरवू नये. चोरटे शिकारीही असाच झोत वापरतात, त्यामुळे रक्षकांना त्याचा संशय येणे साहजिक आहे.

पाळावयाचे नियम

मगर पाहायची ती पुलावरून, पदपथावर उभे राहून आणि घरच्या मोठ्या माणसाबरोबरच. नदीकाठी उतरायचे नाही. मगरी काठाच्या मातीत बिळे करतात, त्यामुळे वरून घट्ट दिसणारा काठ आतून पोकळ असू शकतो. मगरीची झडप पाण्याच्या कडेलाच असते. मी वर पोचीचे एवढे गणित मांडले ते यासाठीच. बॅटरीची पोच जितकी, तितके आपल्याला जवळ जाण्याचे कारण कमी. 'नीट दिसत नाही, जरा पुढे जाऊ' असे म्हणायला लावणारी बॅटरी धोक्याची. लांबून दिसते, तेव्हा इथेच थांबू, असे म्हणायला लावणारी बॅटरी आपल्या कामाची.

दुसरा नियम पायांचा. पावसाळ्याच्या रात्री आधी उजेड पायापुढे, मग इतरत्र. मण्यार रात्रीच हिंडते, आणि घोणस, फुरसेही अंधारात वाटेवर असतात. त्यांचे डोळे मगरीसारखे चमकून इशारा देत नाहीत. दुर्दैवाने साप चावलाच तर घट्ट बांधणे, चिरा देणे असले काही न करता, चावलेला भाग न हलवता, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णालयात न्यावे. प्रतिविष तिथेच मिळते.

विश्वस्त मंडळाला नम्र विनंती आहे की, प्रत्येक मुलाने वेगळी बॅटरी घेण्यापेक्षा शाळेने २०० मीटर पोचीच्या चार चांगल्या बॅटऱ्या निसर्ग मंडळासाठी घ्याव्यात. पालकांचा खर्च वाचेल आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली वापरण्याची शिस्तही लागेल. पुराच्या दिवसांत त्या शाळेच्या आणि परिसराच्याही उपयोगी पडतील.

स्वाध्याय

१) ३,६०० कँडेलाच्या बॅटरीची पोच किती मीटर? ६० मीटरवर ती किती लक्स देईल?

२) पहिली बॅटरी ६०० लुमेन व २,५०० कँडेला, दुसरी २५० लुमेन व १०,००० कँडेला. पुलावरून मगर पाहायला कोणती घ्याल आणि पायवाटेवर चालायला कोणती? कारण लिहा.

३) चार्ज होणारे दोन पेन्सिल सेल, प्रत्येकी १.२ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास. एका वॅटला १०० लुमेन धरल्यास ६० लुमेन किती तास मिळतील? त्याच सेलवर '१,००० लुमेन, ८ तास' हा दावा खरा असू शकेल का?

४) घरच्यांबरोबर सोसायटीच्या बागेत जा. बॅटरी कानशिलाजवळ धरून गवतावर झोत टाका. हिरवट-निळे बारीक ठिपके चमकले तर अलगद जवळ जाऊन पाहा, पण हात लावू नका. बहुधा तो 'लांडगा कोळी' असेल. नंतर बॅटरी कमरेजवळ धरून पुन्हा पाहा. काय फरक पडला?

उत्तरे वहीत लिहून आपल्या विज्ञान शिक्षकांना दाखवावीत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर पालकांनीही लिहिले तर मला विशेष आनंद होईल.

आपण नदीच्या गावात राहतो आणि आपल्याआधीपासून त्या नदीत मगर राहते. तिला पाहावे, मोजावे, ओळखावे आणि तिच्या जागी तिला राहू द्यावे. त्यासाठी थोडा उजेड आणि पुरेसे अंतर, एवढेच लागते.

आपला,
मुख्याध्यापक